सिस्टमडी: सर्व्हिस आणि मशीनची साधनं तो कशी सांभाळतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स सर्व्हर चालवणारे, आणि नुकतेच त्यात पडलेले, सिस्टमडीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं रोजच्या वापरातून आलेली आहेत, त्यामुळे अधूनमधून माझी मतंही डोकावतील. कमांड आणि सेटिंगची नावं आपण बोलताना उच्चारतो तशीच लिहिली आहेत.

सर्व्हिस मॅनेजर म्हणजे नेमकं काय?

मशीन सुरू झालं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःहून एकच प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) चालू करतो. तिचा क्रमांक १. बाकी सगळा गोतावळा तिच्यापासून वाढतो. एखाद्या प्रोसेसची जन्मदाती आधीच संपली, तर ते पोरकं लेकरू सहसा क्रमांक १ च्या पदरात येतं. आणि क्रमांक १ स्वतःच मेली, तर कर्नल पॅनिक होतो आणि मशीन तिथेच थांबतं.

आज बहुतेक मोठ्या लिनक्स वितरणांमध्ये ही जागा सिस्टमडीकडे आहे. सर्व्हिस सुरू करणं हा त्याच्या कामाचा सोपा भाग. ती जिवंत आहे का हे बघणं, पडली तर उठवणं, बंद करताना तिची सगळी पिलावळ आवरणं आणि तिने किती मेमरी, किती सीपीयू खाल्ला याचा हिशेब ठेवणं, हे खरं काम.

जुन्या इनिटने काय वाईट केलं होतं?

इनिट म्हणजे सिस्टमडीच्या आधी क्रमांक १ च्या जागी असलेला प्रोग्रॅम. वाईट असं काही नाही, पण तो सर्व्हिस सुरू करून मोकळा व्हायचा. स्क्रिप्टच्या नावात आकडे असायचे, २० च्या आधी १०, आणि त्या क्रमाने त्या एकामागून एक चालायच्या. सर्व्हिस स्वतःला दोनदा फोर्क करून (म्हणजे स्वतःची प्रत काढून) पार्श्वभूमीला जायची आणि आपला प्रोसेस क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. पुढे तिला बंद करायचं तर त्या फाइलवर विश्वास ठेवायचा. सर्व्हिस मध्येच पडली आणि फाइल तशीच राहिली की कालांतराने तोच क्रमांक दुसऱ्याच प्रोसेसला मिळायचा, आणि 'स्टॉप' म्हटल्यावर भलत्याचाच बळी जायचा.

हे दुखणं फक्त लिनक्सचं नव्हतं. सोलारिस १० मध्ये एसएमएफ आणि मॅकच्या टायगर आवृत्तीत लाँचडी, हे दोन्ही सर्व्हिस मॅनेजर २००५ मध्ये आले. उबुंटूने २००६ मध्ये अपस्टार्ट आणला. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांचा सिस्टमडी २०१० मध्ये जाहीर झाला. फेडोरा १५ ने २०११ मध्ये तो घेतला, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने २०१४ मध्ये, आणि २०१५ मध्ये डेबियन ८ व उबुंटू १५.०४ त्यावर आले. डेबियनमध्ये त्यावरून इतकी भांडणं झाली की काही जणांनी वेगळी चूल मांडली. डेव्हुआन ती.

युनिट म्हणजे काय? ते सर्व्हिसपेक्षा वेगळं का?

सिस्टमडी ज्या ज्या गोष्टीवर लक्ष ठेवतो ती प्रत्येक गोष्ट म्हणजे युनिट. सर्व्हिस हा त्यातला एक प्रकार. एकूण प्रकार ११ आहेत: सर्व्हिस, सॉकेट, टार्गेट, डिव्हाइस, माउंट, ऑटोमाउंट, स्वॅप, टायमर, पाथ, स्लाइस आणि स्कोप. एखादी डिस्क माउंट होणं हेही युनिटच. त्यामुळे 'ही डिस्क लागल्याशिवाय डेटाबेस सुरू करू नकोस' हे दोन सर्व्हिसमधल्या नात्यासारखंच सांगता येतं.

मला विचाराल तर सिस्टमडी कळायला एवढंच कळावं लागतं: प्रत्येक युनिटबद्दल तो तीन वेगवेगळे हिशेब ठेवतो. हे कुणावाचून चालत नाही, हा पहिला. कुणाच्या आधी वा नंतर सुरू व्हायचं, हा दुसरा. आणि कुणाच्या वाट्यातलं खायचं, हा तिसरा. हे तिन्ही एकमेकांना अजिबात विचारत नाहीत. लोकांच्या तक्रारी ऐकल्या की बहुतेक वेळा एका हिशेबाचं उत्तर दुसऱ्यात शोधलेलं असतं.

युनिटची फाइल कुठे बदलायची?

पॅकेजबरोबर आलेली फाइल 'यूएसआर' खालच्या डिरेक्टरीत असते. तिला हात लावू नका, पुढच्या अपडेटला तुमचे बदल वाहून जातील. त्याच नावाची फाइल 'ईटीसी' खाली ठेवली तर ती वरचढ ठरते. 'रन' खाली ठेवलेली या दोघींच्या मधली, आणि ती रीबूटला नाहीशी होते.

पण अख्खी फाइल उचलून 'ईटीसी'त आणायची गरज क्वचितच असते. 'सिस्टमसीटीएल' (सिस्टमडीला हुकूम देणारी कमांड) घेऊन 'सिस्टमसीटीएल एडिट' म्हणा आणि फक्त बदलायच्या ओळी लिहा. त्याला ड्रॉप-इन म्हणतात. इथे एक खाचखळगा आहे. एक्झेकस्टार्ट, म्हणजे सर्व्हिसने कुठली कमांड चालवायची ते, बदलायचं असेल तर आधी एका ओळीत ते रिकामं करावं लागतं आणि खालच्या ओळीत नवं लिहावं लागतं. नाहीतर सिस्टमडी नवी कमांड जुनीच्या पुढे जोडायला बघतो आणि साध्या सर्व्हिसला दोन कमांड चालत नाहीत म्हणून रुसतो.

फाइल हाताने बदलली असेल तर 'डिमन-रीलोड' करा. त्याने सर्व्हिस रीस्टार्ट होत नाही, फक्त सिस्टमडी फाइली पुन्हा वाचतो.

'रिक्वायर्स' लिहिलं, तरी माझी सर्व्हिस डेटाबेसच्या आधीच का उठते?

कारण रिक्वायर्स हा पहिला हिशेब आहे आणि तुम्ही दुसऱ्याची अपेक्षा करताय.

रिक्वायर्सचा अर्थ: मला सुरू करशील तेव्हा डेटाबेसलाही सुरू कर. कधी, ते त्यात नाही. क्रम सांगितला नाही तर सिस्टमडी दोघांनाही एकाच वेळी सोडतो. शर्यतीत कोण जिंकेल ते त्या दिवसाच्या नशिबावर. तुमच्या लॅपटॉपवर डेटाबेस जिंकतो म्हणून सगळं ठीक वाटतं, आणि सर्व्हरवर डिस्क जरा संथ निघाली की सर्व्हिस तोंडघशी पडते.

क्रमासाठी आफ्टर लागतं. उलट, नुसतं आफ्टर लिहिलं तर डेटाबेस आपणहून सुरू होणार नाही. तो सुरू होणारच असेल तर मी त्याच्या मागे, एवढंच ते म्हणतं. म्हणून बहुतेक वेळा दोन्ही ओळी लागतात. आफ्टरचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही: बंद होताना क्रम आपोआप उलटा होतो. आधी तुमची सर्व्हिस थांबते, मग डेटाबेस. हे हवंच असतं.

आता रिक्वायर्स की वॉन्ट्स? वॉन्ट्स म्हणजे 'येत असेल तर ये, नाहीतर मी जातो'. डेटाबेस सुरू होऊ शकला नाही तरी वॉन्ट्सवाली सर्व्हिस पुढे जाते. रिक्वायर्स आणि आफ्टर दोन्ही असतील तर ती अडते. शिवाय कुणी डेटाबेस मुद्दाम बंद किंवा रीस्टार्ट केला तर रिक्वायर्सवाल्या सर्व्हिसलाही त्याच्यामागे जावं लागतं. मात्र डेटाबेस आपल्याआपण कोसळला तर रिक्वायर्स तिला खाली ओढत नाही. तसं हवं असेल तर बाइंड्सटू आहे. मी सहसा वॉन्ट्स अधिक आफ्टर वापरतो आणि पुन्हा जोडून घ्यायची अक्कल प्रोग्रॅममध्येच घालतो. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर गेला की या ओळींना तसाही काही अर्थ उरत नाही.

आफ्टर लिहूनही 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतंय. आता काय?

आफ्टर म्हणजे 'तो सुरू झाल्यावर', आणि 'सुरू झाला' कधी म्हणायचं ते त्याच्या टाइपवर ठरतं. टाइप सिंपल असेल तर प्रोसेस फोर्क केली की सिस्टमडीच्या लेखी काम झालं. प्रोग्रॅमने अजून कॉन्फिगरेशनसुद्धा वाचलेलं नसतं. टाइप एक्झेक असेल तर निदान बायनरी खरोखर चालू झाली एवढी खात्री असते. टाइप नोटिफाय सगळ्यात प्रामाणिक: प्रोग्रॅम स्वतः 'मी तयार आहे' असा निरोप पाठवतो आणि तोवर मागचे थांबतात. पण हा निरोप प्रोग्रॅमच्या कोडमध्ये असावा लागतो, नुसता टाइप बदलून भागत नाही. निरोप आलाच नाही तर सिस्टमडी वाट बघून सर्व्हिस फसली असं ठरवतो.

नेटवर्कच्या बाबतीतही अशीच फसगत होते. 'नेटवर्क टार्गेट' म्हणजे नेटवर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर चालू झालं, आयपी मिळाला असं नव्हे. पत्ता मिळेपर्यंत थांबायचं असेल तर 'नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट', आणि त्यासाठीही वॉन्ट्स व आफ्टर दोन्ही.

टार्गेट म्हणजे जुनं रनलेव्हलच ना?

रनलेव्हल म्हणजे जुन्या इनिटमध्ये मशीन कुठल्या अवस्थेत चालवायचं त्याचा आकडा. साधारण तेच काम, पण एका वेळी अनेक टार्गेट चालू असू शकतात. टार्गेट स्वतः काहीच चालवत नाही, ती एक मोळी असते. 'मल्टी-यूजर टार्गेट' म्हणजे साधा सर्व्हर, 'ग्राफिकल टार्गेट' म्हणजे त्यावर लॉगिन स्क्रीन.

स्टार्ट, इनेबल आणि मास्क यांत फरक काय?

स्टार्ट आत्तापुरतं. इनेबल पुढच्या बूटसाठी, म्हणजे टार्गेटच्या डिरेक्टरीत एक सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी खूण), बाकी जादू नाही. डिसेबल केलेली सर्व्हिससुद्धा दुसरं कुणी तिला मागवलं तर सुरू होते. ती कुणीही, कुठल्याही वाटेने सुरू करू नये असं हवं असेल तर मास्क. त्यात युनिटचं नाव डेव्ह-नलकडे, म्हणजे कायम रिकाम्या असणाऱ्या फाइलकडे, वळवलं जातं.

सॉकेट युनिट कशाला?

पोर्ट सर्व्हिसने नव्हे, सिस्टमडीने उघडून ठेवायचं आणि पहिली जोडणी आली की सर्व्हिस उठवून तिच्या हातात द्यायचं. कल्पना जुन्या आयनेटडीची, नव्या रूपात लाँचडीने रुळवलेली. गंमत अशी की यात आफ्टरची बरीचशी गरजच मिटते. सॉकेट आधीच उघडं असल्यामुळे समोरचा बोलायला सुरुवात करतो, त्याचं बोलणं कर्नलच्या बफरमध्ये थांबतं आणि सर्व्हिस आल्यावर ते वाचते. सर्व्हिस रीस्टार्ट होत असतानाही येणाऱ्या जोडण्या लगेच नाकारल्या जात नाहीत.

सीग्रुप काय आहेत आणि सिस्टमडीला ते का लागतात?

प्रोसेसचे गट करून त्या गटाला मर्यादा घालायची कर्नलमधली सोय. गूगलमधल्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं, आणि २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ कर्नलमध्ये ते पोचलं. दुसरी, सुटसुटीत आवृत्ती २०१६ मध्ये ४.५ कर्नलबरोबर पक्की झाली.

सिस्टमडी प्रत्येक सर्व्हिसला स्वतंत्र सीग्रुपमध्ये टाकतो. प्रोसेसने दोनदा फोर्क करू दे, नाव बदलू दे, आई सोडून जाऊ दे, तिचं लेकरू त्याच गटात जन्मतं. प्रोसेस क्रमांकाच्या फाइलीचा तो जुना घोळ इथे संपला.

स्लाइस, सर्व्हिस आणि स्कोप हे नातं कसं आहे?

हा तिसरा हिशेब, आणि माझ्या मते सगळ्यात कमी वाचला जाणारा.

सीग्रुपचं झाड असतं. मुळाशी रूट स्लाइस. तिच्याखाली साधारण या फांद्या दिसतात: सिस्टम स्लाइस, जिथे सिस्टमच्या सर्व्हिस राहतात, यूजर स्लाइस, जिथे लॉगिन केलेली माणसं राहतात, मशीन स्लाइस, व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनरसाठी. स्लाइसमध्ये थेट प्रोसेस नसतात, ती फक्त वाटणीची फांदी. प्रोसेस पानांत असतात, आणि पानं दोन जातींची: सिस्टमडीने स्वतः जन्माला घातलेली ती सर्व्हिस, दुसऱ्या कुणी चालू करून सिस्टमडीच्या हवाली केलेली ती स्कोप. तुमचं एसएसएच सेशन हा स्कोप. 'सिस्टमडी-सीजीएलएस' कमांड हे अख्खं झाड दाखवते. एकदा निवांत बघाच.

स्लाइसच्या नावातला आडवा डॅश नुसता शोभेचा नाही. 'काम-रात्र' नावाची स्लाइस 'काम' स्लाइसच्या पोटात जाते. नावावरूनच पत्ता ठरतो.

आता वाटणी. सीपीयूवेट १ ते १०,००० मधला आकडा, न सांगितल्यास १००. तो टक्का नाही, भावंडांमधला वाटा आहे. सिस्टम स्लाइस १००, यूजर स्लाइस १००. दोघांनाही सीपीयू पूर्ण हवा असेल तर अर्धा-अर्धा. सिस्टम स्लाइसमध्ये तीन सर्व्हिस धडपडत असतील तर त्या आपल्या अर्ध्यातले तीन भाग करतील, प्रत्येकी एकूणच्या एक-षष्ठांश. आता वेब सर्व्हिस हळू चालते म्हणून तुम्ही तिचं वेट १०,००० केलं. बाकीच्या दोघी जवळपास उपाशी राहतील, पण यूजर स्लाइसमध्ये कुणी मोठं कंपायलेशन लावून बसलं असेल तर त्याचा अर्धा वाटा जसाच्या तसा. भांडण सख्ख्या भावंडांत होतं. चुलतभावाच्या ताटातलं हवं असेल तर वेट आईबापाचं वाढवावं लागतं, म्हणजे स्लाइसचं.

आणि मशीन रिकामं असेल तर वेटला काही अर्थ नाही. वेट १ असलेली सर्व्हिसही अख्खा सीपीयू घेऊ शकते. ठाम छत हवं तर सीपीयूकोटा. त्यातले १०० टक्के म्हणजे एक सीपीयू, २०० म्हणजे दोन. मी कोटा सहसा टाळतो. रिकामा सीपीयू असताना कामाला थांबवण्यात काय हशील? ज्याला ठरावीक वाटाच विकायचा आहे त्याची गोष्ट वेगळी. डिस्कसाठी आयओवेट आहे, पण तुमच्या डिस्कच्या शेड्युलरला तो कळत असेल तरच.

एका सर्व्हिसने मेमरी खाल्ली आणि भलतीच मेली. असं का?

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. रात्रीचा बॅकअप, मोठ्या फाइली दाबून ठेवणारा. एका रात्री त्याची मेमरी वाढत गेली, मशीनची संपली आणि कर्नलने मारलं ते डेटाबेसला. कर्नलच्या दृष्टीने बरोबरच होतं. जागा हवी होती, आणि सगळ्यात जाडजूड प्रोसेस डेटाबेसची होती. बॅकअप मात्र सुखरूप पूर्ण झाला.

दुसऱ्या दिवशी बॅकअपला स्वतःची सर्व्हिस आणि ती ठरल्या वेळी चालवणारा टायमर दिला. मेमरीहाय १ जीबी, मेमरीमॅक्स दीड जीबी, सीपीयूवेट २०. मेमरीहाय ओलांडलं की कर्नल त्या गटाला मागे खेचतो: काम मंदावतं, मेमरी परत घेतली जाते, पण कुणी मरत नाही. मेमरीमॅक्सला भिंत. तिला धडकल्यावरही जागा निघाली नाही तर बळी जातो, पण त्याच गटातला. काही दिवसांनी बॅकअप पुन्हा माजला, आणि लॉगमध्ये 'रिझल्ट ओओएम-किल' (मेमरी संपल्याने मारला) अशी ओळ येऊन एकटा गेला. डेटाबेसला पत्ताही लागला नाही.

उलट बाजूने डेटाबेसला मेमरीलोने राखीव जागा देता येते. फक्त ती वरच्या स्लाइसलाही द्यावी लागते. बापाच्या नावावर जमीन नसेल तर मुलाच्या नावे लिहून देऊन काय उपयोग.

'लिमिट्स कॉन्फ' फाइलमध्ये उघड्या फाइलींची मर्यादा वाढवली, सर्व्हिसला लागूच होत नाही!

होणार नाही. ती फाइल पॅम (लॉगिन तपासणारी यंत्रणा) वाचतो, लॉगिनच्या वेळी. सर्व्हिस सहसा लॉगिन करत नाही. युनिटमध्ये लिमिटनोफाइल लिहा.

बंद करताना ९० सेकंद ताटकळत का बसतो?

आधी गटातल्या सगळ्या प्रोसेसना सिगटर्म जातो, म्हणजे 'आवरा'. मूळ मुदत ९० सेकंद. तेवढ्यात कुणी उरलं तर सिगकिल, म्हणजे थेट ठार. शटडाउनला 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' हे वाक्य दिसतं ते याच मुदतीत. मुदत कमी करण्याआधी सर्व्हिस सिगटर्म का ऐकत नाही ते बघा. कधी कधी मध्ये एखादी शेल स्क्रिप्ट असते जी सिग्नल स्वतःकडे अडवून चालतच राहते. स्क्रिप्टच्या शेवटी प्रोग्रॅम 'एक्झेक'ने चालवला की प्रश्न मिटतो.

रीस्टार्ट ऑलवेज लिहिलंय, तरी थोड्या वेळाने प्रयत्नच सोडून देतो.

१० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झाली की तो हात टेकतो. दोन प्रयत्नांमधलं मूळ अंतर फक्त १०० मिलिसेकंद, त्यामुळे ते ५ प्रयत्न डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. रीस्टार्टसेक ५ सेकंद करा, मग १० सेकंदांत ५ चा आकडा गाठलाच जात नाही. हात टेकलेल्या सर्व्हिसला पुन्हा उभं करायला आधी 'रीसेट-फेल्ड', मग स्टार्ट.

लॉगआउट केलं की माझी यूजर सर्व्हिस मरते.

प्रत्येक यूजरसाठी सिस्टमडीचा एक वेगळा मॅनेजर चालतो, आणि शेवटचं सेशन संपलं की तोही आवरता घेतला जातो. 'लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर' करा.

बूटला वेळ लागतो. 'अ‍ॅनलाइझ ब्लेम'मध्ये पहिली दिसते तीच दोषी का?

नाही. ब्लेम कोणाला किती वेळ लागला ते सांगतो, कोणी कोणाला अडवलं ते नाही. ४० सेकंद घेणारी सर्व्हिस बाजूला एकटीच चालली असेल तर तिने कुणाचं काही बिघडवलं नाही. 'क्रिटिकल-चेन' बघा, ती दुसऱ्या हिशेबातली साखळी आहे.

सर्व्हिस चालत नाहीये. आधी काय बघू?

'सिस्टमसीटीएल स्टेटस', आणि ते वरपासून खालपर्यंत वाचा, नुसता ठिपका हिरवा की लाल एवढंच नको. 'लोडेड' ओळीत कुठली फाइल वाचली ते येतं. तुम्ही 'ईटीसी'त अख्खी फाइल ठेवली आणि इथे 'यूएसआर' दिसतंय, तर तपास तिथेच संपला. तिच्याखाली 'ड्रॉप-इन', कुणी आधीच्या माणसाने काही टोचून ठेवलं असेल तर ते. 'अ‍ॅक्टिव्ह' ओळीत किती वेळापासून: तीन महिन्यांपासून चालू असायला हवी ती चार मिनिटांपासून चालू असेल तर ती पडून उठली आहे. स्टेटस २०३ असेल तर बायनरी चालवताच आली नाही. पाथ चुकलाय, नाहीतर चालवायची परवानगी नाही. एक्झेकस्टार्ट शेल नाही हेही लोक विसरतात, तिथे पाइप किंवा फाइलकडे वळवायचा बाण चालत नाही.

मग 'टास्क्स', 'मेमरी', 'सीपीयू', आणि 'सीग्रुप' ओळीत ती झाडाच्या कुठल्या फांदीवर बसली आहे आणि तिची पोरं किती. एकच प्रोसेस असायला हवी तिथे जुनी, कुणीतरी मागे सोडलेली दुसरी दिसली, तर पोर्ट कोणी अडवून धरलंय तेही कळलं. सगळ्यात खाली लॉगच्या शेवटच्या १० ओळी. त्या बऱ्याचदा अपुऱ्या पडतात, कारण खरी चूक अकराव्या ओळीत असते. लॉग दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल'ला युनिटचं नाव देऊन वर सरकत जा.